भाक्राचा भार

हिमालयातील नद्यांच्या इतिहासात सतलजला फार जुने स्थान आहे. वेदांत ती शुतुद्री या नावाने येते आणि पुढे संस्कृतात शतद्रू होते. तिबेटात, मानससरोवराशेजारच्या राक्षसतालाच्या परिसरात ती उगम पावते, शिपकी खिंडीजवळ भारतात उतरते आणि किन्नौर, रामपूर-बुशहर, बिलासपूर असा डोंगराळ प्रवास करून पंजाबच्या मैदानात येते. मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी शिवालिकाच्या रांगांमधील एका अरुंद खिंडीतून तिला वाट काढावी लागते. या खिंडीत स्वतंत्र भारताने आपल्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाकांक्षी बांधकामांपैकी एक उभे केले, ते म्हणजे भाक्रा धरण.

आपल्या पिढीने भाक्रा-नांगल हे नाव शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात वाचले. 'देशातील सर्वांत मोठा बहुउद्देशीय प्रकल्प' अशी त्याची ओळख आपण पाठ केली आणि परीक्षेत गुण मिळवले. परंतु पाठ केलेला इतिहास हा बहुधा अर्धाच इतिहास असतो. धरण कोणी बांधले, किती उंच बांधले आणि किती वीज मिळाली, हे पुस्तक सांगते. ते धरण कोणाच्या गावावर, कोणाच्या शेतावर उभे राहिले हे सांगण्यास पुस्तकात जागा उरत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडण्याचा प्रयत्न आहे.

खिंड आणि कल्पना

या खिंडीत धरण बांधता येईल, ही कल्पना स्वातंत्र्याच्या बरीच आधीची. सन १९०८ मध्ये पंजाबचे नायब राज्यपाल सर लुई डेन यांनी सतलजच्या या घळईतून प्रवास केला आणि येथे पाणी अडवता येईल, अशी नोंद केली. त्यानंतर १९१९ मध्ये एक सविस्तर आराखडा तयार झाला. त्यातील धरणाची उंची आजच्या धरणाच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. परंतु खर्च मोठा होता आणि सरकारचे लक्ष पश्चिमेकडील कालव्यांकडे होते. आराखडा कपाटात गेला.

तो पुन्हा बाहेर काढला दुष्काळाने. पंजाबच्या आग्नेय भागातील हिस्सार, रोहतक हा टापू कोरडा. १९३८-३९ च्या सुमारास हिस्सारमध्ये भीषण दुष्काळ पडला. याच भागातील शेतकरी कुटुंबातून आलेले सर छोटूराम हे पंजाब सरकारात मंत्री होते. आपल्या माणसांना पाणी मिळायचे असेल तर सतलज अडवलीच पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. धरणाची जागा आणि बुडणारी जमीन मात्र बिलासपूर या छोट्या संस्थानात होती. तेथील राजाशी चाललेली बोलणी छोटूरामांनी नेटाने तडीस नेली आणि जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी देह ठेवला. ज्या पाण्यासाठी ते झटले ते पाणी पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

वाटाघाटी राजाशी झाल्या, हे मात्र ध्यानात ठेवावे. ज्या शेतकऱ्यांची शेते बुडणार होती ते या बोलण्यांत कुठेच नव्हते.

फाळणीचा तडाखा

१९४७ साली पंजाबचे दोन तुकडे झाले. लायलपूर, माँटगोमेरी हे कालव्यांनी समृद्ध झालेले जिल्हे पाकिस्तानात गेले आणि तेथून हुसकावले गेलेले लक्षावधी शेतकरी पूर्व पंजाबच्या कोरड्या भागात येऊन पडले. देशात धान्याचा तुटवडा होता. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या काही कालव्यांचे पाणी बंद केले आणि नद्यांच्या वाटणीचा प्रश्न दोन राष्ट्रांमधील भांडणाचा विषय बनला. अशा वेळी भाक्राची योजना ही केवळ एका प्रांताची गरज राहिली नाही. उद्ध्वस्त झालेल्या माणसांना पुन्हा उभे करण्याचा तो एक मार्ग ठरला. १९४८ मध्ये प्राथमिक कामे सुरू झाली.

या कामाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे, आणि तो मराठी वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, नद्यांच्या विकासासाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष झाले अभियंते ए. एन. खोसला. भाक्राच्या आखणीत या खोसलांचा मोठा वाटा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज हे खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे आले. भाक्राचे काम मार्गी लागले ते याच वर्षांत. पुढे १९५८ ते १९६२ या काळात काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले. मंत्री म्हणून ज्या योजनेची सुरुवात पाहिली, तिची भिंत उभी राहताना राज्यपाल म्हणून पाहण्याचा योग त्यांना लाभला.

वजनावर उभी भिंत

भाक्रा हे 'गुरुत्व धरण' आहे. हा शब्द वाचून दचकण्याचे कारण नाही. अर्थ सोपा आहे. काही धरणे कमानीसारखी वाकवलेली असतात आणि पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर ढकलतात. गुरुत्व धरण तसे करीत नाही. ते केवळ आपल्या स्वतःच्या वजनाने उभे राहते. पाणी त्याला पुढे लोटू पाहते, उलथवू पाहते आणि धरण आपला सारा भार पायाच्या खडकावर टाकून जागचे हलत नाही.

पाण्याचा रेटा खोलीबरोबर वाढत जातो. २०० मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला सुमारे २०० टन इतका होतो. म्हणूनच असे धरण वर अरुंद आणि तळाशी अतिशय रुंद असते. भाक्राची उंची सुमारे २२६ मीटर, म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या तिपटीहून अधिक. माथ्यावर त्याची लांबी सुमारे ५१८ मीटर आहे. माथ्यावर जेमतेम ९ मीटर जाड असलेली ही भिंत तळाशी सुमारे १९० मीटर जाड होते. तिच्यात ४१ लाख घनमीटरांहून अधिक काँक्रीट आहे. त्याचे वजन जवळपास एक कोटी टन भरते.

परंतु नुसते वजन टाकून भागत नाही. शत्रू खालूनही येतो. पाणी पायाखालच्या खडकाच्या भेगांत शिरते आणि धरणाला वर उचलू पाहते. धरण जितके उचलले जाईल तितके त्याचे वजन कामास येत नाही. म्हणून खडकात खोल छिद्रे पाडून त्यांत दाबाने सिमेंट भरतात, भेगा बुजवतात आणि तरीही झिरपणारे पाणी धरणाच्या पोटातील बोगद्यांतून काढून देतात. भाक्राचा पाया सोपा नव्हता. कठीण वालुकाश्मांच्या मध्ये मऊ चिकणखडकाचे पट्टे होते. ते खोदून काढून त्या जागी काँक्रीट भरावे लागले.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. सिमेंट घट्ट होताना तापते. एवढ्या अवाढव्य राशीतील उष्णता आपोआप निघून जाण्यास कित्येक वर्षे लागतील आणि मधल्या काळात काँक्रीट आकसून तडकेल. म्हणून असे धरण अनेक ठोकळ्यांत बांधतात, आत नळ्या बसवतात, त्यांतून थंड पाणी खेळवतात आणि ठोकळे निवाल्यावर मधले सांधे भरून घेतात. बाहेरून एकसंध दिसणारी भिंत आतून अशी जोडत जोडत आणलेली असते.

बांधणारे हात

काम सुरू करायचे तर आधी नदीलाच बाजूला सारणे आले. त्यासाठी डोंगराच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी सुमारे १५ मीटर व्यासाचे दोन बोगदे खोदले आणि सतलजला त्यांतून वळवले. १९५२ मध्ये हार्वे स्लोकम नावाचे अमेरिकन बांधकामतज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह येथे आले. या गृहस्थांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. पोलादाच्या कारखान्यात मजुरी करण्यापासून सुरुवात करून, अमेरिकेतील ग्रँड कूली यांसारख्या धरणांवर काम करीत ते या पदाला पोहोचले होते. शिस्त, स्वच्छता आणि वेळ यांविषयी ते अतिशय कडक होते आणि वरिष्ठांनाही खरमरीत पत्रे लिहीत, असे सांगतात. १९६१ मध्ये, धरण पूर्ण होण्याआधीच, भारतातच त्यांचा मृत्यू झाला.

१७ नोव्हेंबर १९५५ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते काँक्रीटची पहिली बादली पायात ओतली गेली. त्यानंतर काम दिवसरात्र चालले. पंजाबी, डोगरा, पहाडी, राजस्थानी असे हजारो मजूर येथे राबले. फाळणीत घरदार गमावलेल्या अनेकांना येथे रोजगार मिळाला. ऑगस्ट १९५९ मध्ये वळण-बोगद्याच्या दरवाज्यांच्या कक्षात पाणी घुसून भीषण अपघात झाला. काही माणसे प्राणास मुकली आणि कामाची मोठी हानी झाली. बांधकामाच्या वर्षांत इतरही अनेक मजूर दरीत कोसळून, दगडाखाली सापडून गेले. त्यांचे स्मारक तेथे आहे.

त्या दिवसांची एक आठवण अजून चालती आहे. मजूर आणि साहित्य नेण्यासाठी १९४८ मध्ये नांगल ते भाक्रा अशी छोटी रेल्वे सुरू झाली. ती आजही धावते आणि तिच्यात बसणाऱ्या गावकऱ्यांकडून तिकिटाचा पैसा घेतला जात नाही.

'मंदिर' आणि त्याचा अर्थ

८ जुलै १९५४ रोजी नांगलच्या कालव्यात पाणी सोडताना पंतप्रधानांनी या स्थळाची तुलना मंदिर, मशीद आणि गुरुद्वाराशी केली. जेथे माणूस माणसांच्या कल्याणासाठी कष्ट करतो त्याहून थोर देवस्थान कोणते, असा त्यांचा भाव होता. पुढे २२ ऑक्टोबर १९६३ रोजी धरण राष्ट्राला अर्पण करतानाही त्यांनी मंदिराचीच प्रतिमा वापरली. 'आधुनिक भारताची मंदिरे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून घरोघर पोहोचला.

या प्रतिमेत गैर काही नाही. श्रमाला पूजेचा मान देणारा विचार आपल्याला परका नाही. परंतु याच नेहरूंनी नोव्हेंबर १९५८ मध्ये पाटबंधारे व वीज खात्यांच्या अभियंत्यांपुढे बोलताना, भव्यतेच्या हव्यासाला एक प्रकारचा रोग म्हटले होते आणि छोट्या योजनांकडे लक्ष वेधले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एका माणसाच्या दोन वाक्यांपैकी देशाने एक सोन्याच्या अक्षरांत कोरले आणि दुसरे विसरून गेला.

पाण्याखालचे बिलासपूर

ज्या गावावरून धरणाला नाव मिळाले ते भाक्रा गाव स्वतःच पाण्याखाली गेले. हा या कथेतील पहिला विरोधाभास. भिंतीमागे सुमारे ९० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या नावावरून त्याला गोविंदसागर म्हणतात. थोडे खाली, नदीकाठीच, आनंदपूरसाहिब आहे, जेथे १६९९ मध्ये गुरूंनी खालसा पंथाची स्थापना केली.

या सागरात ३७१ गावे बुडाली. सुमारे ३६,००० माणसे विस्थापित झाली. सतराव्या शतकात वसलेले बिलासपूर शहर, त्याचा बाजार, राजवाडा, विस्तीर्ण मैदान आणि शिखरबंद दगडी मंदिरे, सारे १९६० नंतरच्या एक-दोन पावसाळ्यांत जलमय झाले. शहर डोंगरावर नव्याने वसवण्यात आले. आजही उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय आटला की गाळातून त्या जुन्या देवळांची शिखरे वर येतात. जुन्या पिढीतील लोक तेथे जाऊन आपल्या गल्लीचा, आपल्या अंगणाचा अंदाज घेत उभे राहतात. मग पाऊस येतो, वरचे बर्फ वितळते आणि शिखरे पुन्हा दिसेनाशी होतात.

डोंगरातील शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळाली ती तेव्हाच्या दराने, आणि ती तुटपुंजी होती. सुमारे २,२०० कुटुंबांना हिस्सार जिल्ह्यात जमिनी दिल्या गेल्या. कल्पना करा, उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात वाढलेली, थंड हवेची, झऱ्याच्या पाण्याची सवय असलेली माणसे एकदम सपाट, तापलेल्या, काटेरी झुडपांनी माजलेल्या रानात येऊन पडली. भाषा वेगळी, पीक वेगळे, शेजार अनोळखी. अनेक कुटुंबांना मालकीचे कागद मिळण्यास कित्येक वर्षे हेलपाटे घालावे लागले. कित्येकजण कंटाळून डोंगराकडे परतले. जे डोंगरातच राहिले त्यांपैकी अनेकांनी वरच्या अंगाला, वनजमिनीत आसरा घेतला आणि स्वतःच्या जिल्ह्यातच ते 'अतिक्रमण करणारे' ठरले. त्यांच्या घराजमिनीच्या हक्कांचे प्रश्न साठ वर्षे उलटून गेल्यावरही पूर्णपणे सुटलेले नाहीत. काहींनी जलाशयातील मासेमारीत आपली उपजीविका शोधली आणि सहकारी संस्था उभारल्या, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

फायद्याचा आणि तोट्याचा हिशेब

आता दुसरी बाजू. भाक्राच्या पाण्याने पंजाब, हरियाणा आणि राजस्थानातील सुमारे एक कोटी एकर जमिनीच्या सिंचनाला आधार दिला. ज्या हिस्सारच्या दुष्काळाने या योजनेला पुन्हा चालना दिली तेथे आज गहू आणि कापूस पिकतो. धरणाच्या दोन्ही काठांवरील वीजगृहांची एकूण क्षमता तेराशे मेगावॅटहून अधिक आहे. उजव्या काठावरील वीजगृह सोव्हिएत साहाय्याने १९६६ ते १९६८ या काळात कार्यान्वित झाले. नांगलचा खतकारखाना या विजेवर उभा राहिला. साठीच्या दशकात परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहणारा देश पुढील काही वर्षांत धान्याच्या बाबतीत आपल्या पायांवर उभा राहिला, त्यात या पाण्याचा आणि विजेचा वाटा आहे. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणा होईल. आपल्या शिधापत्रिकेवर आलेल्या गव्हातही सतलजचे पाणी होते.

तथापि, हा वाटा नेमका किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. श्रीपाद धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भाक्राचा एक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रदेशातील बराचसा भाग धरणापूर्वीही कालव्यांनी भिजत होता आणि हरितक्रांतीत भूजल व कूपनलिकांचा वाटा मोठा होता, असे त्यांचे म्हणणे. त्याविरुद्ध, कूपनलिका चालवणारी वीज आणि जमिनीत मुरणारे कालव्यांचे पाणी हेही भाक्राचेच देणे होते, असे दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद येथे मिटवण्याचे कारण नाही. परंतु मंदिर म्हटलेल्या वास्तूचाही जमाखर्च तपासता येतो, हे या अभ्यासाने दाखवून दिले, आणि ते आवश्यक होते.

पाण्याच्या वाटणीचे भांडणही थांबलेले नाही. १९६० च्या सिंधू पाणीवाटप कराराने सतलज, बियास आणि रावी या नद्या भारताच्या वाट्याला आल्या. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो करार स्थगित ठेवला. देशांतर्गत वाद मात्र अधिक चिवट निघाला. १९६६ मध्ये पंजाबातून हरियाणा वेगळा झाल्यावर धरणाच्या व्यवस्थापनासाठी मंडळ नेमावे लागले. सतलज-यमुना जोडकालवा अर्धवट राहिला. २०२५ च्या उन्हाळ्यात पंजाब आणि हरियाणा पुन्हा नांगलच्या पाण्यावरून उच्च न्यायालयापर्यंत गेले.

या भांडणांत ज्याची भूमी बुडाली त्या हिमाचलचा आवाज बराच काळ क्षीणच राहिला. सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, भाक्रा-बियास प्रकल्पांच्या विजेत हिमाचल प्रदेशाचा ७.१९ टक्के हिस्सा आहे. धरण अर्पण झाले १९६३ मध्ये, आणि बुडालेल्या खोऱ्याच्या राज्याला आपला वाटा न्यायालयाकडून ठरवून मिळाला ४८ वर्षांनी.

दरम्यान नदी आपले काम करीतच आहे. हिमालय हा वयाने तरुण, ठिसूळ पर्वत. त्याची माती दर पावसाळ्यात गोविंदसागरात येऊन साचते आणि जलाशयाची धारणशक्ती वर्षानुवर्षे घटते आहे. वरच्या अंगाला नाथपा-झाकरी, करछम-वांगतू, कोलडॅम असे नवे प्रकल्प एकामागून एक उभे राहिले आहेत. त्यांतही जमिनी गेल्या, गावे हलली आणि भरपाईचे तेच जुने प्रश्न नव्याने विचारले गेले.

कोणाचा भार, कोणाच्या खांद्यावर

गुरुत्व धरण स्वतःच्या वजनावर उभे असते, असे वर म्हटले. अभियंत्याच्या हिशेबाने ते खरेच आहे. समाजाच्या हिशेबाने मात्र त्या वजनाचा काही भाग बिलासपूरच्या ३६,००० माणसांनी पेलला. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी बंड केले नाही. देश नवा होता, स्वातंत्र्याची धुंदी होती, आणि देशासाठी त्याग करावा ही भावना त्यांच्याही मनात होती. त्याग स्वेच्छेने केला तर तो पुण्य ठरतो. दुसऱ्याकडून करवून घेतला आणि मग विसरून गेलो, तर ते आपल्या माथ्यावरचे ऋण होते.

हे ऋण फेडायचे म्हणजे धरण फोडायचे, असे कोणी म्हणत नाही. तीन राज्यांतील शेते आणि घरे आज त्या पाण्यावर जगतात. ऋण फेडण्याच्या गोष्टी पुष्कळ साध्या आहेत. ज्या कुटुंबांच्या नावावर अद्याप जमीन नाही त्यांना तिचा कागद द्यावा. नवा प्रकल्प आखताना राजाशी, आज म्हणायचे तर सरकारांशीच, बोलून न थांबता शेतकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत जावे. आणि आपल्या मुलांच्या पुस्तकात धरणाच्या उंचीच्या आकड्याशेजारी बुडालेल्या गावांचाही आकडा छापावा. २२६ मीटर आणि ३७१ गावे हे दोन्ही आकडे मुलांनी एकाच दमात म्हणावेत, म्हणजे भाक्राचा धडा पुरा होईल.